गोजराच्या यकृतातली चरबी

कोळंबीच्या कालवणात मीठ दुसऱ्यांदा पडलं.

एका देशात हंसांच्या घशात नळी घालून त्यांना मका भरवतात. थोड्याच दिवसांत त्यांचं यकृत फुगतं, फिकट आणि मऊ होतं, आणि लोक ते आवडीनं खातात.

घणसोली गावातल्या एका खोलीत, तांदळाच्या रिकाम्या गोणीखाली, वजनकाटा लपवलेला होता.

"कोनासाठी गो बारीक होतंस एवढी?" विजयमालानं नळावर विचारलं, आणि हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका हसल्या.

दिपेशच्या डोळ्यांतला पांढरा रंग गेला होता.

हे पाचही तुकडे एकाच घरातले आहेत. हंसांचासुद्धा. जोडायचेच तर ताटापासून जोडावे लागतील...

गणपतीचा दुसरा दिवस. माडीवरच्या खोलीत पंगत बसलेली. दिपेशच्या ताटात बिनमिठाचं वरण, भात, एक मोदक. त्याचं पोट पाण्यानं फुगलेलं, हातपाय मात्र काटकुळे झालेले, आणि तरीही तो मांडी घालून सगळ्यांत आधी बसला होता. कारण या घरात एक रीत होती, त्यांच्या आईनं घालून दिलेली. सणाच्या दिवशी भावाच्या ताटातला पहिला घास बहिणीनं खायचा, मग भावानं जेवायचं. त्याची थोरली बहीण गोजरा सासरी होती तेव्हाही ती त्या घासापुरती येऊन जायची, आणि नवऱ्यानं टाकल्यावर ती कायमचीच परत आली, तेव्हा दिपेशनं सणवार नसताना ताट पुढे सरकवून तिला घरात घेतलं होतं, एकही प्रश्न न विचारता.

त्यानं घास कालवला. हात पुढे केला.

"मना नको," गोजरा म्हणाली.

"एकच घास, बाय."

"नको रं. जेव तू."

हात तसाच राहिला. बोटांवरचं तूप थिजत गेलं. पाहुणे आपापल्या ताटात बघू लागले. दिपेशनं घास परत ताटात ठेवला आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, पण त्या शांततेत ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"किळस येते माझी?"

त्याच्या बायकोनं, संध्यानं, वाढायचा डाव पातेल्यात आपटला. "कावीळ लागंल ना तायना. सकाळी बूट घालून फिरायला जातात, अंग सांभाळतात. आजाऱ्याच्या ताटातलं कशाला खातील?"

गोजरा उठली. तिनं उत्तर दिलं असतं तर सगळं मिटलं असतं... पण उत्तर देणं म्हणजे आशा देणं, आणि आशा अजून तिच्याजवळ तयार नव्हती.

*

गोजराच्या आत, याच वेळी:

सकाळपासून पोटात फक्त मुगाचं कढण आणि काकडी. रक्तातली साखर उतरली आहे. यकृतानं ठेवलेला साखरेचा साठाही संपत आला आहे. आता शरीर चरबीच्या पेशींकडे मागणी करतं. पोटावरच्या, मांड्यांवरच्या, दंडांवरच्या पेशी कुरकुरत का होईना आपलं तेल सोडतात. आणि यकृतात, जिथे चरबीचे थेंब पेशीपेशीत गच्च बसले होते, तिथे एकेक थेंब जळू लागतो. याचा आवाज होत नाही. बाहेर फक्त चक्कर येते, आणि जिना उतरताना भिंत धरावी लागते.

*

त्याआधीची गोष्ट.

दिपेशचं यकृत निकामी झालं होतं. गावानं दारूचं नाव घेतलं. पण दारू त्यानं फक्त हळदीच्या रात्री आणि तीही लाजत घेतलेली. त्याला मारलं ते भातानं, तळलेल्या मांदेलीनं, थंड पेयाच्या बाटल्यांनी, आणि दिवसभर गाळ्यावर बसून राहण्यानं. लोक म्हणत, जमिनी गेल्या, भाडी आली, शेतावरचं काम सुटलं. पण जेवण तेच राहिलं, शेतावरून आलेल्या माणसाचं. डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्याच्या यकृताचा तुकडाच वाचवू शकेल. संध्याचा रक्तगट जुळत नव्हता. मुलगी जाई अजून नववीत. उरली गोजरा.

"बायला कोनी विचारायचं नाय," दिपेशनं घरात सगळ्यांसमोर सांगितलं. "तिनं जन्मभर दिलंच हाय."

म्हणून ती न विचारताच गेली. तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला. आणि मग आहारतज्ज्ञ क्षिप्रा, पुण्याहून नोकरीला आलेली चुणचुणीत मुलगी, तिला समोर बसवून म्हणाली, "ताई, तुमचं यकृत देता येणार नाही. आत खूप चरबी आहे."

"मी तर मटन पन खात नाय जास्ती."

"तेलातुपानंच होते असं नाही. जास्तीचा भात, जास्तीची साखर, यकृत त्याचीच चरबी करतं. थोडी स्वतःत ठेवतं, थोडी रक्तात सोडतं, म्हणून तुमचं कोलेस्टेरॉलही वाढलंय." मग तिला हंसांचं आठवलं आणि तिनं ते सांगितलं. सांगून झाल्यावर जीभ चावली. "सॉरी, ताई. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"बोल तू. हंसाला जबरदस्तीनं भरवतात," गोजरा म्हणाली. "मना कोनी जबरदस्ती नाय केली."

"पण ही चरबी जाते. अंगावरची जायच्या आधी यकृतातली जाते. घरी सांगा, घरच्यांची मदत लागेल."

"घरी नाय सांगायचं. नाय झालं तर तो दोनदा मरंल."

*

गोजरा भाड्याच्या खोल्यांतल्या पोरांना डबे द्यायची. म्हणजे दिवसभर तिच्यासमोर भात शिजत होता, भाकऱ्या फुगत होत्या, सुरमईचे तुकडे तव्यावर तांबूस होत होते, आणि तिनं तोंडात काहीच घालायचं नव्हतं. चव घ्यायची तिनं सोडली. चमचाभर कालवणानं काही बिघडत नाही, हे क्षिप्रानंच सांगितलं होतं. पण गोजराला स्वतःचं पोट माहीत होतं. एकदा दार उघडलं की ते पोट आत शिरून सगळं घर रिकामं करणारं होतं. म्हणून अंदाजानं मीठ. म्हणून कधी दोनदा.

"मावशी, प्रेमात पडलाय काय?" डबा न्यायला आलेला प्रीतम म्हणाला. "कालची कोळंबी समुद्रातनं डायरेक्ट आलेली."

"पडले," ती म्हणाली. "गप खा."

गणपतीच्या त्या पंगतीनंतर दिपेशनं तिच्या हातचं पाणीसुद्धा बंद केलं. संध्यानं माडीवर वेगळी शेगडी मांडली. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की एक भिंतीला टेकून उभी राहायची आणि दुसरी न बघता निघून जायची. वरून दिपेशच्या खोकल्याचा आवाज यायचा, आणि गोजरा खाली, अंधारलेल्या खोलीत, उकडलेला दुधी चावत बसायची... चावायची, आणि रडायची, आणि पुन्हा चावायची, कारण रडतानाही खायचं तेच होतं.

मग काटा हलेनासा झाला.

*

आत:

शरीराला वाटतं दुष्काळ आला. त्याला भाऊ माहीत नाही. ते आपली आग मंद करतं, हात गार ठेवतं, नाडी सावकाश चालवतं, केस गळू देतं. जेवढं मिळतं तेवढ्यातच भागवायला शिकतं. आणि भूक मात्र दुप्पट मोठ्यानं ओरडू लागते. हा कुणाचा दुष्टपणा नाही. हे शरीराचं प्रेम आहे, मालकिणीला न विचारता केलेलं.

*

दिवाळी होऊन गेली होती. दिपेशच्या पोटातलं पाणी काढायला संध्या त्याला घेऊन रुग्णालयात गेली होती. तो आत असताना बाहेरच्या व्हरांड्यात क्षिप्रा भेटली आणि हसून म्हणाली, "गोजराताईंनी सांगितलं ना घरी? कालचा स्कॅन सुंदर आलाय. काटा अडकला म्हणून किती खचल्या होत्या. पण यकृत साफ झालंय. दादांना जे झालं ना, तेच त्यांना होणार होतं पुढे, त्यांनी परतवलं. आता फक्त दादांची सही."

संध्याला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि ती तिथल्या खुर्चीवर बसून राहिली. आतून दिपेशनं दोनदा हाक मारली, तरी ती उठली नाही.

संध्याकाळी ती खाली आली. गोजरा भाकरी थापत होती. संध्यानं तिच्या पिठाच्या हातांवर स्वतःचे हात ठेवले.

"ताय... मी तुमाला काय काय बोलले."

"भाकरी मोडंल. हात काढ."

"नळावर पन बोलले. विजयमालाला मीच सांगितलं, तुमचं बाहेर काय चाललंय म्हनून."

गोजरानं हात थांबवला. क्षणभर तिचा चेहरा खरोखरच दुखावला, मग ती म्हणाली, "बरं झालं बोललीस. रागात भूक कमी लागते."

संध्या हसायला गेली आणि हुंदकाच आला, आणि तव्यावरची भाकरी करपून धूर झाला, तरी दोघींपैकी कुणी ती उलटली नाही.

मग दोघी वर गेल्या.

दिपेश ऐकत राहिला. पिवळे डोळे छतावर. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "नाय."

"का नाय?"

"तुला काय झालं तर?"

"मना बघायला कोन बसलंय?"

"मी बसलोय," तो म्हणाला.

गोजरानं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

"बाय, तवा एक घास खाल्ला असतास तर काय झालं असतं?"

"एका घासानं काय नाय झालं असतं. मी दुसरा मागितला असता. मंग तिसरा. मना भूक लागली व्हती, दिप्या. लई भूक लागली व्हती."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. संध्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला तसा तो झटकून म्हणाला, "पेन दे. कुठं सही करायची ती सांग."

त्यानं सही केली. तारीख ठरली. त्या रात्री शेगडी पुन्हा खाली आली, आणि संध्यानं पहिल्यांदा नणंदेसाठी रांधलं: बिनतेलाचे मूग, पडवळ, नाचणीची एक पातळ भाकरी. "चव हाय का काय?" तिनं भीतभीत विचारलं. "नाय," गोजरा म्हणाली, आणि ताट चाटून पुसून खाल्लं.

तारखेआधी दिपेशला ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतू शिरले होते. ताप उतरेपर्यंत शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोजरा रुग्णालयाचा पोशाख घालायला तयार होऊन बसली होती, उपाशी, तपासलेली, जुळलेली, साफ. काचेच्या पलीकडे तो होता. ताप उतरलाच नाही...

*

आत:

काही नाही. यकृत आपलं काम करत आहे. निरोगी, मऊ, गडद तांबूस. त्याला कुणी मागितलेलं नाही.

*

तेरावं झालं. मांडव सुटला. पाहुणे उलव्याला, खांदेश्वरला आपापल्या घरी परतले. दुपारी गोजरा स्वयंपाकघरात एकटीच होती. तेराव्याच्या भाताचं मोठं पातेलं समोर घेऊन ती जमिनीवर बसली आणि हातानं खाऊ लागली. चव घेत नव्हती. भरत होती. एका मुठीमागून दुसरी, जणू जे जाळलं ते सगळं त्याच दुपारी परत आणायचं होतं, जणू त्या स्वच्छ अवयवाला शिक्षा द्यायची होती.

संध्या दारात आली. पांढऱ्या ओठांची, जागरणानं सुजलेली.

"तुमी त्यांच्यासाठी केलं," ती म्हणाली, "आनि वाचलात तुमी."

हे तिनं दोषानं म्हटलं की मायेनं, ते गोजराला कळलं नाही. बहुधा संध्यालाही कळलं नसावं. ती तशीच उभी राहिली. मग पुढे येऊन खाली बसली आणि पातेलं आपल्याकडे ओढलं. गोजरानं ते धरून ठेवलं. दोघी काही वेळ पातेलं ओढत राहिल्या, लहान मुलींसारख्या.

"सोड गो," गोजरा म्हणाली. "काय करू मी हे साफ यकृत ठेवून? कोनाला देऊ?"

"कोनाला नाय. ते त्यांचं हाय. सही केलीय त्यांनी." संध्याचा आवाज फाटला. "त्यांना द्यायचं ठरलं व्हतं ना? मंग ते त्यांचंच हाय, ताय. तुमच्याजवळ ठेवलेलं. तुमाला ते नासवायचा हक्क नाय."

गोजराची बोटं पातेल्याच्या काठावरून सुटली. तिनं उजव्या बरगडीखाली हात नेला, भाताची शितं लागलेला, आणि तिथेच धरून ठेवला. आत दुखतंय म्हणून नव्हे... आत कुणीतरी झोपलंय, जागं व्हायला नको, अशा बेतानं. संध्यानं भात उचलून बाहेर नेला.

दिपेशच्या बारशाला आत्या वेळेवर पोचली नव्हती, म्हणून त्याच्या कानात त्याचं नाव गोजरानं सांगितलं होतं. ती तेव्हा दुसरीत होती.