दोघांत मिळून एक समुद्र

विठ्ठलवाडीच्या त्या सोसायटीचा तिसरा मजला मी धापा टाकत गाठला, तेव्हा माझी टाकी बघायला आधीच एक जण येऊन बसला होता.

'माझी' म्हणजे... अजून घेतली नव्हती. पण चार दिवस मोबाइलवर तिचा फोटो इतक्यांदा बघितला होता, की मनाने मी तिला कधीच घरी नेलं होतं. दोन फुटांची काचेची टाकी, निळा-पांढरा दिवा, लाटा करणारा छोटा पंप आणि बादलीभर सुके समुद्री दगड. विकणारे आनंद सर नाशिकला राहायला चालले होते आणि संध्याकाळपर्यंत त्यांना घर रिकामं करायचं होतं.

टाकीसमोर उकिडवा बसून तो काचेच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"सांध्यांचं सिलिकॉन मस्त आहे," तो म्हणाला. मला नाही, टाकीला.

"सॉरी, पण मी फोन केलेला," मी म्हणाले.

"मी पण केलेला."

आनंद सरांनी दोघांच्या हातात चहा दिला. "मी दोघांनाही या म्हटलं होतं. लोक येतो म्हणतात आणि येत नाहीत. तुम्ही दोघंही आलात, याला मी काय करू? आता तुम्हीच ठरवा."

"गोड्या पाण्याची करणार?" त्याने मला विचारलं.

"नाही. समुद्राची. कोरल ठेवायचंय."

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसाला वीस-पंचवीस माणसं माझ्यासमोर डोळे उघडून बसतात आणि मला कधी काही वाटत नाही. तेव्हा मात्र मी उगाचच कपातल्या चहाकडे बघितलं.

"मी पण," तो म्हणाला. "दोन वर्षं नुसते व्हिडिओ बघतोय. पण सगळे पैसे टाकीतच घातले तर मीठ कशाने घेणार?"

माझंही घोडं तिथेच अडलं होतं. कोरलसाठी साधं मीठ चालत नाही, खास मीठ लागतं आणि ते महाग असतं.

"घरी जागा आहे तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"आहे. डोंबिवलीला, हॉलमध्ये. खिडकीपासून लांब."

"म्हणजे ऊन नको हे माहितीये. अभ्यास केलायस." तो हसला. "मी ऋतुराज कोळी. एसी रिपेअर करतो. घर ठाण्यात, चेंदणी कोळीवाड्यात. आमच्याकडे मासा घरात आला, की त्याची जागा ठरलेली असते... तवा."

चहा माझ्या नाकात गेला. खोकला थांबेपर्यंत आमचं ठरलं होतं. टाकी दोघांची. राहणार माझ्या घरी. तो दर रविवारी येणार.

टाकी रिक्षातून नेली. मागच्या सीटवर दोघांच्या मांडीवर मिळून ती आडवी बसली आणि दगडांची बादली पायाशी. पत्रीपुलावर रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "नवीन संसार का?"

"नाही हो!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. मी मांडीवरची टाकी आणखी घट्ट धरली. काचेतून पलीकडे बघितलं तर तो इमारती मोजल्यासारखा बाहेर बघत होता. कान मात्र लाल झाले होते.

घरी भाऊ, म्हणजे माझे वडील, आमची वाटच बघत होते. भाऊ निवृत्त झाल्यापासून कामाला आसुसलेले असतात. त्यांनी सिमेंटचे ब्लॉक मांडून वर कडप्पा टाकून ठेवला होता. स्टँडचा खर्च वाचला. आईने चष्मा कपाळावर सरकवून ऋतुराजला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पाणी कुठून आणणार? समुद्र काही डोंबिवलीला येत नाही."

"एसीचं पाणी ठिबकतं, ते भरू या की," भाऊ म्हणाले. "फुकट!"

"नाही काका. आत तांब्याच्या नळ्या असतात. त्यातलं थोडंसं तांबं पाण्यात उतरलं तरी कोरल गेलं."

"मग तुमच्या ठाण्याच्या खाडीचं आण," आई म्हणाली.

"काकू, त्या खाडीचं पाणी बघितलंत तर मासे काय, तुम्ही पायसुद्धा घालणार नाही."

आई हसली. ओळख होऊन दहा मिनिटं झालेल्या माणसासमोर आई सहसा हसत नाही.

शेवटी त्याने कोणाच्या तरी घरून काढलेलं जुनं आरओ आणलं, त्यात नवा फिल्टर घातला आणि आमच्या मोरीच्या नळाला जोडून दिलं. थेंब-थेंब पाणी पडायचं आणि भाऊ खुर्ची टाकून त्यावर पहारा द्यायचे. दोन दिवसांनी बादल्या भरल्या, त्यात मीठ विरघळवलं, दगड रचले. पंप सुरू केला तेव्हा दिव्याखाली लाटांची जाळी सगळ्या भिंतीवर थरथरायला लागली. आम्ही चौघंही भिंतीकडे बघत उभे होतो.

पुढच्या रविवारी तो स्टीलचा एक चपटा डबा घेऊन आला. आईने दारातच विचारलं, "यात काय?"

"एक... कोलंबी."

आईचा चेहरा बघून मीच दोन पावलं मागे सरकले. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"खायला नाही, काकू! टाकीत कुजवायला. ती कुजली की अमोनिया होतो, अमोनियावर चांगले जंतू वाढतात, ते वाढले की मग मासे जगतात. पाच-सहा आठवडे लागतात."

"अमोनियाच पाहिजे ना?" आईने हात कमरेवर ठेवले. "मग कोलंबी कशाला? नवसागर म्हणजे काय? अमोनियम क्लोराइड. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. प्रयोगशाळेचा माल पुरवणारा अजून फोन करतो मला. शुद्ध बाटली मागवते."

ऋतुराज तोंड उघडं टाकून बघत राहिला. "काकू, दोन वर्षं व्हिडिओ बघतोय, पण हे... आणि आता या कोलंबीचं काय करू?"

"घरी ने आणि खा," आई म्हणाली. "आधी पोहे खा."

मग सुरू झाले ते रिकाम्या टाकीचे रविवार. आत एक जीव नाही. शेजारचे विचारायचे, "काय पाळलंय?" भाऊ अभिमानाने सांगायचे, "पाणी." आणि आम्ही दोघं पांढऱ्या कागदासमोर अमोनिया तपासायच्या काचेच्या नळ्या धरून, डोक्याला डोकं लावून रंग बघायचो.

"हा पिवळा," तो म्हणायचा.

"हिरवट आहे. रंग ओळखणं माझं काम आहे. तुझे डोळे एकदा तपासून घे."

"तपास की."

"दुकानात ये. रांगेत बस."

"इथे नाही होणार? मी हलणार पण नाही..."

आणि तो खरोखरच न हलता बघत राहायचा. मग रंग कोणता होता ते मी हमखास विसरायचे.

चौथ्या आठवड्यात सगळे दगड चहा सांडल्यासारखे तपकिरी झाले. मी दुकानातून घरी आले, टाकी बघितली आणि मला रडूच आलं. त्याला फोन लावला.

"गेलं सगळं! शेवाळ आलंय."

"तपकिरी आहे ना? मग ठीक आहे. सगळ्यांकडे येतं ते. आपोआप जातं." पलीकडे कसलंसं मशीन घरघरत होतं. मग ते बंद झालं. "कल्पिता... तू रडतेयस?"

"नाही."

"बरं. मग नाही रडत असलीस तरी मी फोन चालू ठेवतो. काम करता करता बोलू."

पाऊण तास तो फोन चालू होता. काय बोललो ते एक अक्षर आठवत नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी नळीतला रंग स्वच्छ पिवळा राहिला, म्हणजे अमोनिया संपला. दुसरीही नळी निकोप. आम्ही ठाण्याच्या एका दुकानातून क्लाउन माशांची जोडी आणली, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची. एका हौशी माणसाने आपल्या कोरलचा नखाएवढा तुकडा फुकट दिला, हिरव्या पाकळ्यांचा.

"या दोघांत जी मोठी होते ती मादी," ऋतुराजने सांगितलं. "मग टाकीत सगळं तिचंच चालतं."

"यात शिकण्यासारखं नवीन काही नाही," भाऊ म्हणाले आणि आईने त्यांच्याकडे बघितल्यावर पेपरात तोंड घातलं.

सगळं छान चाललं होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी समोरच्या अमृताकाकू आल्या. ऋतुराज टाकीतलं पाणी बदलत होता. काकूंनी त्याच्याकडे कोण्या कामगाराकडे बघावं तसं बघितलं आणि आईला म्हणाल्या, "अगं, कल्पितासाठी पुण्याचं स्थळ आणलंय. स्वतःचा फ्लॅट, आयटीत नोकरी. उद्याच फोन करतील."

"बघू," आई म्हणाली.

बादली हातात घेऊन ऋतुराज क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने ती नीट खाली ठेवली, हात पुसले आणि जाताना मला म्हणाला, "आता टाकी सेट झालीय. दर रविवारी यायची तशी गरज नाही. माझा सीझन पण सुरू होतोय... उन्हाळा."

"हो," मी म्हणाले. "बरोबर आहे."

काय बरोबर होतं त्यात? 

तीन रविवार गेले. तो मेसेज करायचा, 'फोटो पाठव.' मी माशांचे फोटो पाठवायचे. तो 'छान'च्या अंगठ्याची खूण पाठवायचा. इतकंच. रविवारी पोहे केले की आई एक प्लेट जास्त काढायची आणि काही न बोलता परत पातेल्यात ओतायची.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी नऊला आमच्या भागातली विजेची केबल जळाली. दुकानात गर्दी होती, माझा फोन ड्रॉवरमध्ये. दुपारी दोनला बघितलं तर आईचे सात मिस्ड कॉल. पंप बंद म्हणजे पाणी हलणार नाही, पाणी हललं नाही तर मासे गुदमरणार. वर हा उन्हाळा. मी पळत सुटले. लिफ्टही बंद. चार मजले कसे चढले कोण जाणे.

दार उघडंच होतं. भाऊ टाकीवर पेपराने वारा घालत होते. आई बर्फाच्या बंद बाटल्या पाण्यात सोडत होती. आणि घामाने भिजलेला ऋतुराज एका हाताने मगाने पाणी उचलून उंचावरून ओतत होता, दुसऱ्या हाताने बॅटरीला वायर जोडत होता.

"तू?"

"तुला फोन लागेना, म्हणून मी ऋतुराजला केला," आई म्हणाली. "त्याने पहिल्या रिंगला उचलला."

"घोडबंदरला एका बाईंचा एसी उघडा टाकून आलोय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. जरा हा मग घे. वरून ओत, फेस आला पाहिजे."

मी मग घेतला. त्याने वायर पिळली आणि पंप घुरघुरत सुरू झाला. तळाशी पडल्यासारखे झालेले दोन्ही मासे हळूहळू वर आले. मोठीने धाकट्याला ढुशी दिली.

"जगले!" भाऊ ओरडले. आईने पदराने डोळे टिपले आणि चटकन म्हणाली, "घाम आहे."

साडेचारला वीज आली. ऋतुराज निघाला. त्याला सोडायला मी खाली गेले, म्हणजे आईनेच सांगितलं, "त्याची बॅटरी घे एका बाजूने." बॅटरी एकट्याने सहज उचलण्यासारखी होती.

गेटपाशी मी म्हणाले, "तीन रविवार आला नाहीस."

"सीझन आहे ना."

"आज नव्हता?"

तो गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. "त्या दिवशी स्थळ आलेलं तुला. म्हटलं, आपण मधे बादली घेऊन कशाला उभं राहायचं..."

"मी दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं."

"का?"

"फोनवर तो म्हणाला, लग्नानंतर ते मासेबिसे बंद करावे लागतील."

"अच्छा... म्हणजे माशांसाठी नाही म्हणालीस."

मी कपाळाला हात लावला. "ऋतुराज, मी रोज लोकांचे डोळे तपासते. सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर ज्याला दिसत नाही, तो माणूस मला लगेच कळतो."

तो किल्लीशी खेळायचा थांबला. मग एकेक शब्द उचलत म्हणाला, "म्हणजे मला... नंबर लागलाय?"

"खूप मोठा."

"कधीपासून?"

"विठ्ठलवाडीपासून."

तो हसला. त्या हसण्यात इतकी सुटका होती, की मलाही हसू आवरेना. "मला वाटलेलं माझंच तसं झालंय," तो म्हणाला. "सांगायची हिंमत होत नव्हती. तुझ्याकडे आई, भाऊ, पोहे... सगळंच आवडतं मला. बोललो आणि तू नाही म्हणालीस, तर एका झटक्यात सगळं जाणार."

"आणि आता?"

"आता..." त्याने बॅटरी खाली ठेवली आणि भर उन्हात, वॉचमन बघत असताना, माझा हात हातात घेतला. बोटं मिठाने खरखरीत झाली होती. त्याची पण, माझी पण. "आता रविवारी तू माझ्याकडे ये. माझ्या आयला भेट."

रविवारी मी गेले. कोळीवाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कलावतीमावशींनी, म्हणजे ऋतुराजच्या आईने, माझ्यासमोर वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. मी खात नाही म्हणून त्या दिवशी घरात मासळीच आणली नव्हती. ऋतुराज शेजारी मान खाली घालून जेवत होता. त्याला बिरडं आवडत नाही, हे तेव्हाच कळलं.

मावशी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "एक सांग मना, पोरी. यो दर आयतवारी तुज्या घरा जायचा, तो मासंच बगाला जायचा ना?"

मी ऋतुराजकडे बघितलं. तो भाकरीकडे बघत होता.

"हो... म्हणजे पाणी तपासायला, मावशी."

"आसंल, आसंल." त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. "पन मासं बगाला कोन आत्तर लावून जातंय?"

ऋतुराजला जोरात ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि मावशींना म्हणाले, "मावशी, बिरडं अजून वाढा ना थोडं."