चार तुझे, चार माझे

दुकानातल्या खोक्यावर माझा हात पडला आणि त्याच क्षणी पलीकडून आणखी एक हात पडला.

"हा मी घेतेय," मी म्हटलं.

"अजून घेतलेला दिसत नाही," तो म्हणाला.

गळ्यात भलामोठा हेडफोन, केसांचं नि कंगव्याचं बहुधा जुनं भांडण, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. मला ते हसू अजिबात आवडलं नाही. म्हणजे... आवडलं, पण त्या दिवशी मला काही आवडून घ्यायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी चाचणी होती. एका छोट्या सभागृहाला दर शनिवारी इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणारं कुणीतरी वर्षभरासाठी हवं होतं. जागा एकच. बाबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "यंदा झालं तर झालं. नाहीतर सोमवारपासून मामाच्या ऑफिसात बसायचं." मामा फरशा विकतो. मामा प्रेमळ आहे, फरशाही गुळगुळीत असतात, पण मला फरशा विकायच्या नव्हत्या. आणि नेमकी ही वेळ साधून सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणाऱ्या माझ्या जुन्या मिक्सरने मान टाकली होती.

त्यात चाचणीची अट अशी, की मंचावर प्रत्यक्ष वाजवायचं आणि उतरताना प्रत्येक वाद्याचं वेगवेगळं रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर द्यायचं. घरून तयार गाणं आणून मंचावर नुसती मान हलवणाऱ्यांना आयोजक विटले होते. म्हणजे मला असा मिक्सर हवा होता, ज्याच्या पोटातच रेकॉर्डर आहे, जो प्रत्येक वाद्याचा चॅनेल सुटा टिपतो आणि तरी पाठीवरच्या पिशवीत मावतो. दुकानात तसा एकच शिल्लक होता, आणि त्याच्यावर आता दोन हात होते.

"तो बघा ना पलीकडचा," तो म्हणाला. "किती देखणा आहे! दिवेही जास्त."

"तो सगळं एकात कालवून टिपतो. मला सुटं हवंय."

"अरेच्चा, कळतं की तुम्हाला!"

"तुम्हाला कळत होतं, तरी माझ्या गळ्यात मारत होतात?"

"प्रयत्न केला," तो म्हणाला, आणि परत तेच हसू. "काय आहे... उद्या माझी एक चाचणी आहे."

माझा हात खोक्यावरच थिजला. "शनिवारच्या जागेची?"

त्याचं हसू मावळलं. "तुमचीही?"

कपाळावर चष्मा चढवलेले दुकानदारकाका इतका वेळ चहा पीत आमच्याकडे बघत होते. "पुढचा माल पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. "बाई, तुम्हाला चॅनेल किती लागतात?"

"चार. सिंथ कीबोर्डचे दोन, बेसचा एक, माइकचा एक."

"आणि साहेब, तुम्हाला?"

"मलाही चारच. ड्रम मशीनचे दोन, आणि दोन छोट्या यंत्रांचा एकेक."

"याला आठ आहेत," काका म्हणाले. "मला गणित येत नाही असं आमची मंडळी म्हणते. पण एवढं मलाही जमलं."

मिक्सर आम्ही दोघांत घेतला. दुसरा इलाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत्याच्या घरी आला. मी तिच्याकडेच राहते. बाहेरच्या खोलीत टेबलावर मिक्सर मधोमध ठेवला, डावीकडे त्याची यंत्रं, उजवीकडे माझी. पहिले चार चॅनेल त्याचे, पुढचे चार माझे. मंचावर त्याचा नंबर आधी, लगेच माझा, त्यामुळे केबल काढ-घाल करायला नको. प्रत्येकाच्या आवाजाची मांडणी मिक्सरच्या स्मरणात जपून ठेवली. एक बटण दाबलं की त्याची मांडणी यायची, दुसरं दाबलं की माझी.

एकदा गंमत म्हणून दोघांची यंत्रं एकदम सुरू केली. सुरुवातीला छान वाटलं, मग दोन्ही ताल एकमेकांपासून घसरायला लागले. त्याचं मशीन स्वतःची लय धरून बसलं होतं, माझंही.

"कुणातरी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लागेल," तो म्हणाला.

"मग ऐका की."

"मी? मी आधी आलोय."

"घर माझ्या आत्याचं आहे."

"तू ना... वकील व्हायला हवी होतीस."

तो 'तू' म्हणून गेला आणि एकदम केबलचा गुंता सोडवायला लागला. केबलमध्ये गुंता नव्हताच. आत्या दारातून डोकावली, दोघांकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. आत्या गप्प बसली की समजायचं, तिला सगळं कळलंय. मग मी माझी शेवटची तालीम केली, रेकॉर्डिंगसकट, आणि आम्ही निघालो. वाटेत मी त्याला मामाच्या फरशांचं सांगून टाकलं.

सभागृहाच्या मागच्या अरुंद वाटेवर आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. आत जी मुलगी वाजवत होती ती चांगली होती... फारच चांगली होती. मला ही जागा हवी होती. त्यालाही हवी होती. आणि मला भीती ही, की ती त्याला मिळाली तर मला वाईट वाटेल, आणि नाही मिळाली तरीही वाईट वाटेल.

"घाबरलीयेस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मीही नाही," तो म्हणाला. झाकण न काढताच त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

परीक्षक बाई समोर येऊन नियम सांगून गेल्या. "ज्याची पाळी त्यानेच वर जायचं. मदतीला म्हणून जो मध्येच चढेल, तो त्याच प्रयोगात धरला जाईल. आणि एका माणसाला प्रयोग एकच."

तो वर गेला. दोघांची यंत्रं मिक्सरला जोडून आमचं टेबल मंचावर आणलेलं होतं. त्याने आपल्या मांडणीचं बटण दाबलं, रेकॉर्डिंग सुरू केलं, हेडफोन कानावर चढवला, डोळे मिटले. मी कडेला उभी राहून मिक्सरकडे बघत होते.

लाल दिवे माझ्या चार चॅनेलवर लागले होते. त्याचे चारही काळेठिक्कर!

कोणता चॅनेल टिपायचा ते सांगणारी ही लाल बटणं. मिक्सरने त्याच्या आवाजाची मांडणी इमानदारीत परत आणली होती, पण लाल बटणं तो स्मरणात ठेवत नव्हता. ती माझ्या तालमीत होती तशीच राहिली होती. यंत्र नवीन, घाई मोठी, आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तो जीव ओतून वाजवणार होता आणि कार्डावर काहीच उमटणार नव्हतं. तो बाद होणार होता.

"अरे ए... थांब!" मी ओरडले. हेडफोनच्या आत काय ऐकू जाणार?

"आवाज नको," बाई म्हणाल्या आणि त्याला सुरू करायची खूण करण्यासाठी हात उचलला.

मी गप्प बसले असते तर चूक त्याची ठरली असती. लगेच माझी पाळी होती, आणि एक जण कमी झाला असता. हे सगळं माझ्या मनात आलं, मी काही संतबिंत नाही. सोमवारही आठवला, मामाच्या ऑफिसातली ती काचेची केबिन आठवली. आणि मग मला त्याचे मिटलेले डोळे दिसले.

मी मंचावर चढले.

सरळ जाऊन रेकॉर्डिंग थांबवलं, त्याची चारही बटणं दाबली आणि रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. तो दचकून हेडफोन काढत म्हणाला, "काय करतेयस? उतर! तुझी पाळी जाईल!"

"गेली," मी म्हटलं. "दिवे बघ तुझे. आता वाजव."

त्याने दिवे बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मी वळले तर त्याने माझं मनगट धरलं.

"याच प्रयोगात धरलंय ना तुला? मग उभी राहा इथे. आठही चालू आहेत."

"आपण धड एकत्र कधी..."

"माहितीये."

बाईंनी घड्याळाकडे बघत हात खाली करून सुरुवातीची खूण केली. विचार करायला वेळ नव्हता. माझ्या चॅनेलचा आवाज वर केला, सिंथची लय जुळवायची केबल त्याच्या ड्रम मशीनला जोडली, माझी लय बंद केली आणि त्याच्या लयीकडे कान दिला. सुरुवातीला मी चाचपडले, एक सूर चक्क चुकला. त्याने ताल थोडा मोकळा केला, मला शिरायला जागा दिली. मी शिरले. मग माझ्या बेसमागे तो आला, त्याच्या थापेवर मी गायले, शब्द नव्हते, म्हणून नुसता 'आ'कार लावला. शेवटी दोघं एकाच ठोक्यावर थांबलो.

बाहेर आल्यावर तो चिडलेला होता. खरंच चिडलेला.

"कुणी सांगितलं होतं तुला? माझी चूक, मी भोगली असती!"

"बरं. पुढच्या वेळी भोग."

"तुझी वर्षाची मेहनत आहे. उद्या तू फरशा विकत बसलीस, तर मी तोंड कसं दाखवू तुला?"

"दाखवायचंय का तोंड?"

आतून बाकीच्यांचं संगीत भिंतीतून येत होतं. त्याने हेडफोन गळ्यातून काढला, परत घातला.

"दाखवायचंय," तो म्हणाला. "रोज."

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "काल दुकानात भांडलास तेव्हापासून. जागा गेली तरी आवडतोस. फक्त... आत्ता काही बोलू नकोस, मी रडेन."

त्याने माझा हात हातात घेतला, आणि दार उघडून बाई बाहेर आल्या तेव्हाही सोडला नाही.

बाईंच्या हातात आमचं कार्ड होतं. "आठही ट्रॅक सुटे करून ऐकले," त्या म्हणाल्या. "एके ठिकाणी सिंथचा सूर चुकलाय."

"हो," मी म्हटलं.

"आणि तिथेच ड्रमवाला थांबून वाट बघतोय. असं घरून तयार करून आणता येत नाही." त्यांनी कार्ड माझ्या हातात ठेवलं. "येत्या शनिवारी लवकर या. दोघंही."

मी तिथेच खाली बसले. मग फोन लावला.

"बाबा, मिळालं."

"काय सांगतेस!" ते ओरडले. मग लगेच सावरून, "नक्की ना? लेखी देणारेत का?"

"देणारेत. पण बाबा... एकटीला नाही. आणखी एक जण आहे."

शेजारी त्याने कान फोनजवळ आणला.

"एक जण," बाबा म्हणाले. "त्याच्याबद्दल तुझी आत्या सकाळीच फोनवर बोलली."

"काय बोलली?"

"ते जाऊ दे. मामाला मी कळवतो, सोमवारी येत नाही म्हणून," बाबा म्हणाले. "तू त्याला घेऊन घरी ये."