पुसलेल्या चेहऱ्याची बाहुली

बाहुलीचं डोकं त्याच्या हातात आणि बाकीची बाहुली तिच्या हातात, अशी त्या दोघांची पहिली भेट झाली.

जुन्या वस्तूंचा बाजार नुकताच उघडला होता. बिनझाकणाच्या किटल्या आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगातून तिला निळ्या झग्याचं एक टोक दिसलं आणि तिने झडप घातली. त्याच क्षणी पलीकडून एक हात आला आणि त्याने बाहुलीचं डोकं पकडलं. इकडून ओढ, तिकडून ओढ... खट्!

"अहो, मान मोडलीत की तिची!"

"मी? मी तर नुसतं हळूच..." चष्म्याआडचे त्याचे डोळे गोल झाले होते. "पाय तुम्ही धरले होते."

"पायच धरले होते ना! गळा नव्हता धरला."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा घसरला, तो सावरायला त्याने हात वर नेला, आणि हातातलं बाहुलीचं डोकं स्वतःच्याच कपाळावर आपटून घेतलं. इतका वेळ रागावण्याच्या तयारीत असलेली ती खळखळून हसली.

तेवढ्यात तिची लेक धावत आली. वय नऊ, एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून घरात आणि शेजारीपाजारी तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. तिने दोन्ही तुकडे ताब्यात घेतले आणि मान डॉक्टरासारखी तपासली.

"काही मोडलेलं नाही. गरम पाण्यात मान मऊ केली की डोकं परत बसतं. आम्ही तर मुद्दाम काढतो."

"मुद्दाम?" त्याने घाबरून विचारलं.

"नवे केस लावायला, काका."

मायलेकींचं हे वेड जुनंच होतं. आई दिवसभर एका कार्यशाळेत कवळ्या बनवायची, परक्या माणसांच्या दातांना हुबेहूब रंग द्यायची, आणि संध्याकाळी तसल्याच बारीक कुंचल्यांनी बाहुल्यांच्या भुवया काढायची. लेक चालायला लागली त्याच वर्षी नवरा दुसऱ्या वाटेने चालायला लागला होता. तेव्हापासून घरात या दोघी आणि बाहुल्या. टकल्या झालेल्या, पेनाने मिशा काढलेल्या, कुणीतरी टाकून दिलेल्या बाहुल्या त्या उचलून आणत. पहिलं काम ठरलेलं असे, नेलपॉलिश काढायच्या पाण्याने जुना चेहरा साफ पुसायचा. मग नवे डोळे, नवे ओठ, लोकरीचे केस, जुन्या मोज्यांचे स्वेटर. शेजारीण म्हणायची, "मुलीचं नाव पुढे करून आईच खेळते." आणि ते अगदी खरं होतं.

"पण तुम्हाला कशाला हवी बाहुली?" तिने त्याला विचारलं.

तो जरा घुटमळला. "ताईसाठी. लहानपणी तिच्याकडे अगदी अशीच होती. हाच चेहरा. मी ती... म्हणजे... पाण्याच्या टाकीत सोडली होती."

"बुडवलीत!"

"तिला पोहता येतं का, ते बघत होतो. ताई अजून ऐकवते हो! किती वर्षं झाली, प्रत्येक बाजारात हा चेहरा शोधतोय. पुढच्या महिन्यात ती येणार आहे."

भिंगरीने आईकडे पाहिलं, आईने भिंगरीकडे. एवढ्या तपश्चर्येपुढे हट्ट कसा करायचा? बाहुलीचे केस मात्र कुणीतरी कात्रीने कुरतडले होते आणि झगा फाटला होता. मग तिथेच ठरलं. बाहुली त्याची, पण ती आधी या दोघींच्या घरी जाणार, नटूनथटून परत येणार.

"फक्त चेहऱ्याला हात लावायचा नाही हं," तो म्हणाला.

"छे, छे!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

त्याचं चौकातच चष्म्याचं दुकान होतं. निळ्या झग्याचं कापड दाखवायला म्हणून ती एकदा गेली. बटणं दाखवायला म्हणून दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा जायला कारण सापडेना, तेव्हा तिने स्वतःच्या चष्म्याचा धड बसलेला स्क्रू घरी नखाने सैल केला. चोराच्या मनात चांदणं! त्याने स्क्रू पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि तो घट्ट करून दिला. जरा सावकाशच केला.

"पुन्हा सैल झाला तर या," तो म्हणाला.

"होईल असं वाटतंय तुम्हाला?"

"आशा आहे."

आणि मग त्याने एक कमालच केली. तांब्याच्या बारीक तारेचा, नखाएवढ्या भिंगांचा एक चष्मा बनवला आणि भिंगरीला दिला. बाहुलीच्या नाकावर तो असा काही बसला की भिंगरीने आनंदाने किंकाळी फोडली. त्यानंतर दर आठवड्याला एकेक चष्मा येऊ लागला. गोल, चौकोनी, मांजरीच्या डोळ्यांसारखा तिरका. बघता बघता घरातल्या निम्म्या बाहुल्यांची नजर अधू झाली.

"काका छान आहेत," भिंगरीने निकाल दिला. "पण ते माझ्याशी बोलताना तुझ्याकडे का बघतात?"

"काहीतरीच तुझं!" आई म्हणाली आणि उगाचच कपाट आवरायला लागली.

संध्याकाळी त्याचा फोन यायला लागला होता. रोज "सहज केला" म्हणायचा. त्या दिवशीही आला. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. समोर त्याची बाहुली होती, नव्या तपकिरी केसांची, नव्या झग्यातली, जवळजवळ तयार.

"काय चाललंय?"

"तुमच्या पाहुणीची वेणी घालतेय."

"मी आठवण काढली म्हणून सांगा तिला."

"फक्त तिलाच सांगू?" ती बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

तो अडखळत म्हणाला, "नाही... म्हणजे... जिच्या हातात ती आहे, तिलाही."

तिचे कान तापले. ती हसली, ओठ दाबून हसली, मान वळवून हसली. आणि हात? हात बिचारे सवयीचे गुलाम. भिंगरीने दुसऱ्या बाहुलीसाठी भिजवून ठेवलेला कापूस त्या हातांनी उचलला आणि नेहमीसारखा, हळुवार, गोल गोल फिरवला...

"आई!" भिंगरी ओरडली. "चेहरा!"

कापसावर दोन भुवया होत्या आणि थोडे गुलाबी ओठ. बाहुलीचं तोंड सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. फोनमधून तो "काय झालं? काय झालं?" विचारत होता. तिने घाईघाईने फोन बंद केला.

"गुपचूप रंगवून टाकू," भिंगरी कुजबुजली.

"भुवया कशा होत्या सांग बरं? ओठ?"

भिंगरीला सांगता येईना. फोटो होता, पण केसांचा, पाठीमागून काढलेला. रविवारी त्याची ताई येणार होती. ज्या चेहऱ्यासाठी तो वर्षानुवर्षं बाजार धुंडाळत होता, तो तिने हसता हसता पुसला होता. आता उद्यापासून त्याचा फोन आला नाही तर? आपण दिवसभर त्या फोनची वाट बघतो, हे तिला तेव्हा कळलं आणि ती चांगलीच घाबरली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी दुकानात गेल्या. त्याने हसतमुखाने त्यांनी आणलेल्या पिशवीत हात घातला, बाहुली बाहेर काढली आणि बघतच राहिला.

"माझ्याकडून झालं," ती एका दमात म्हणाली. "काल. तुम्ही बोलत होतात... मी हसत होते... आणि हात..."

"एरवी आईच्या हातून चूक होत नाही," भिंगरी मध्येच म्हणाली. "तुमच्याशी बोलताना झाली. आणि काका, रागवायचं तर दोघींवर रागवा. कापूस मी भिजवला होता."

त्याने ते कोरं तोंड उजेडाकडे धरून नीट पाहिलं. तिचा जीव टांगणीला लागला. मग त्याने दिवा मालवला आणि दुकानाला कुलूप लावलं.

"चला. कुंचले घरी आहेत ना? मी सांगतो, तुम्ही रंगवा. इतकी वर्षं शोधलाय तो चेहरा, मी बरा विसरेन!"

तो पहिल्यांदाच त्यांच्या घरी आला. फळीवरच्या चष्मेवाल्या बाहुल्या रांगेने त्याच्याकडे रोखून बघत होत्या. तो टेबलाशी तिच्यासमोर बसला. तिने रंग कालवला, कुंचल्याचं टोक ओल्या फडक्याने नीट केलं.

"सांगा."

"डोळ्यांमध्ये अंतर... थोडं जास्त. हं, एवढंच. दुकानात मी रोज हेच मोजतो, मला बरोबर कळतं."

"रंग?"

"तपकिरी."

"मला निळे आठवतात," भिंगरी म्हणाली.

"तपकिरी," तो ठामपणे म्हणाला. "आणि डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर. जणू आत्ता कुणालातरी उलट उत्तर देणार आहे."

"बाहुली होती का वकील?"

"तशीच! आणि खालचा ओठ... कामात गुंगली की दातांखाली धरते ना, तसा."

तिने मान खाली घालून, खालचा ओठ दातांखाली धरून, तो ओठ रंगवला. भिंगरी मात्र चुळबुळ करायला लागली. ती एकदा काकांकडे बघत होती, एकदा आईकडे. काका आठवायला डोळे मिटत नव्हते. छताकडेही बघत नव्हते.

"हनुवटीवर तीळ," तो हळू आवाजात म्हणाला. "डाव्या बाजूला."

"कारखान्यातल्या बाहुलीला तीळ?"

"होता... असणारच."

तिने तीळ दिला आणि कुंचला खाली ठेवला. भिंगरीने बाहुली उचलून आईच्या गालाला टेकवली आणि टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

"आई, ही तर तू आहेस! अगदी तू!"

तिने बाहुलीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हनुवटीवरच्या तिळाला बोट लावलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता.

"मी खरंच आठवत होतो हो," तो म्हणाला. "डोळे निळेच होते तिचे. भुवया सरळ. पण मी वर बघितलं आणि... पुढचं काही आठवेचना."

"असं कसं?"

"हल्ली हे असंच चाललंय. कुठलाही चेहरा आठवायला गेलो की हाच येतो. गिऱ्हाइकाचे डोळे मोजताना माझे आकडे चुकतात. मला तुम्ही आवडता. फार आवडता. आणि ही भिंगरी... हिच्यासाठी चष्मे बनवताना मला ज्या गमती सुचतात, तशा आयुष्यात कधी सुचल्या नव्हत्या."

तिच्या छातीत असं काही धडधडत होतं की ते त्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. जावं, असंही वाटलं.

"तीळ मात्र मोठा झालाय," ती शेवटी म्हणाली.

"नाही. तेवढाच आहे."

भिंगरी फिसकन हसली. आईने डोळे वटारायचा प्रयत्न केला, पण ते हसतच राहिले. तिने लेकीला जवळ ओढलं. सगळं आता लेकीच्या होकारावर अडलं होतं. तिने विचारायच्या आतच भिंगरी तिच्या कानाशी लागली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो म्हण ना! मला कधीपासून माहीत आहे. मी फक्त तुम्हाला कळायची वाट बघत होते."

तो खुर्चीतून अर्धवट उठला, पुन्हा बसला. "पण रविवारी ताई येणार. बाहुली बघून तिचा पहिला प्रश्न असेल, 'ही कोण रे?' मी काय सांगू तिला?"

तिने बाहुली त्याच्या पुढ्यात ठेवली. हात मागे घेतला नाही. त्याने तो धरला, आणि तिने धरू दिला.

"तुम्ही काहीच सांगू नका," ती म्हणाली. "ताई आल्या की दार मी उघडते."