नववा नियम

“काका, लगेच या. आपल्याकडे चोरी झालीय.” संपादकबाईंचा फोन होता.

काका साप्ताहिकाचे निवृत्त मुद्रितशोधक. सगळे त्यांना काना-मात्रा म्हणत. ते आले आणि चोरीचा माल पाहून त्यांनी नाक मुरडलं. पहाटे उठून श्रीमंत होण्याचे नऊ नियम सांगणारं एक धो धो खपणारं पुस्तक, आणि त्याचा सारांश देऊन त्याची पिसं काढणारं परीक्षण. छापून आलं होतं ज्येष्ठ समीक्षकांच्या नावाने. नवी उपसंपादिका म्हणत होती, ते तिचं आहे, तिने त्यांना फक्त तपासायला दिलं होतं. समीक्षक म्हणत होते, पोरीनेच त्यांच्या टेबलावरून उतरवून घेतलं. त्यांची नोकरी वीस वर्षांची, तिची चार महिन्यांची. तिचा राजीनामा टाइप होऊन पडला होता, सही तेवढी बाकी होती.

परीक्षणातलं एक वाक्य फारच गाजत होतं: ‘नऊ नियमांचं वचन देऊन आठच देणाऱ्या लेखकाला निदान मोजायला तरी कुणी शिकवावं.’

काकांनी दोघांनाही विचारलं, कुठली प्रत वाचलीत?

समीक्षकांनी कपाट उघडून प्रकाशकाने पाठवलेली प्रत काढली. महिनाभर ती त्यांच्याच कुलपात होती. उपसंपादिकेची प्रत सवलतीच्या ढिगातली, पानोपानी पेन्सिलच्या खुणा. काका ती चाळताना मध्येच थांबले, चार पानं मागे गेले आणि गालात हसले.

“साहेब, तुम्ही पूर्ण वाचलंत?”

“दोनदा. असल्या कचऱ्यासाठी दोनदा डोळे फोडले.”

“नववा नियम कोणता?”

“नाहीच तो. तेच तर मी पकडलं.”

काकांनी त्यांची प्रत एकशे तेराव्या पानावर उघडून पुढे धरली. “वाचा.”

वर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘नियम नववा’.

मग काकांनी उलगडा केला. मुलीच्या प्रतीत सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला जुडगा, दोनदा शिवला गेला होता आणि पुढचा गळला होता. नववा नियम त्या गळलेल्या पानांत होता.

“तुला शंका नाही आली?”

“मला वाटलं, लेखक पुन्हा तेच सांगतोय,” ती ओशाळून म्हणाली. “आधीची शंभर पानं तेच चाललं होतं.”

“ही चूक फक्त हिच्या प्रतीतून होऊ शकते,” काका म्हणाले. “यांच्या कुलपातल्या धडधाकट प्रतीतून नाही. यांनी पुस्तक उघडलंच नाही, पोरीचे कागद तेवढे उचलले. नकलेलाही अक्कल लागते, साहेब.”

संपादकबाईंनी राजीनाम्यावरचं नाव खोडून कागद समीक्षकांपुढे सरकवला.

उपसंपादिका नववा नियम वाचत होती. पहाटे उठा. पहिलाही तोच होता.

“म्हणजे आठच की,” ती म्हणाली.

“तरी दुरुस्ती छापावी लागेल,” काका म्हणाले. “या वेळी तुझ्या नावाने.”