नाव न घेता मारलेली हाक

त्या दिवशी रुख्मिणीबाई घराबाहेर पडल्या त्या लेकराचे डायपर आणायला. काम म्हणाल तर एवढंच. दुकान इमारतीच्या खालीच होतं, पण बाईंना तेवढ्यावर परत फिरायचं नव्हतं. लेक प्रगती आणि जावई अमरदीप सकाळी कामावर गेले की दहाव्या मजल्यावरच्या त्या इवल्याशा घरात उरायच्या त्या आणि दोन महिन्यांची नात. भिंती अशा, की शेजारी कोणी खोकलं तरी कळायचं नाही. आहे की नाही कोणी, हेही कळायचं नाही.

बाई भीमपूरच्या. आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी टोकाला, कापूस आणि सोयाबीनच्या रानात त्यांचं गाव. उभा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला. नवरा भिवाजी वारल्यापासून घरात एकट्याच होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज. पण लेकीला यायला जमेना, तेव्हा माहेरच उठून जपानला गेलं. निघताना शेजारच्या मथुराबाईंनी विचारलं, "इतक्या दूर एकल्या जाता, भेव नाई वाटत?" तर बाई म्हणाल्या, "भेव कायचं? बुद्धाचा देश हाये. आपलेच लोक." ओसाकाच्या विमानतळावर आपल्या लोकांपैकी एकही जण 'जय भीम' म्हणाला नाही, याचं त्यांना उगाचच वाईट वाटलं होतं.

पण फिरायची त्यांना भारी हौस. बाबागाडीत लेकरू घालायचं, फोनमध्ये घराची खूण लावून ठेवायची आणि रोज थोडं लांब जायचं. रस्ते धुतल्यासारखे. सिग्नलला पाखरू ओरडतं, तेही यंत्रातलं. हजार माणसं एकदम रस्ता ओलांडायची आणि आवाज फक्त पावलांचा. आदिलाबादच्या बसस्टँडवर दोन माणसं भेटली तरी याहून जास्त गलका होतो. भीमपुरात चौकापर्यंत जायचं तर चार जण विचारणार, "कुठी चालल्या बाई?" इथे महिने लोटले, पण कोणी विचारलं नव्हतं. माणूस माणसाच्या किती जवळून जातो आणि तरी किती लांब असतो, हे बाईंना इथे येऊन कळलं. मग त्या नातीशीच बोलत. "पाह्य बाळा, हे दुकान पाह्य. इथी मासोळ्या काचेत ठेवल्यात."

बाळाच म्हणत. नाव कागदावर लागलं होतं, 'उत्पला', पण ते तोंडातून काढायचं नाही असा बाईंचाच दंडक होता. नाव आधी आत्यानं लेकराच्या कानात सांगायचं, मग जगानं घ्यायचं. आत्या म्हणजे अमरदीपची बहीण दीक्षा. ती तिकडे आदिलाबादला झबली शिवून वाट पाहत होती. थंडीत सगळ्यांनी भीमपूरला जायचं आणि बारसं करायचं, असं ठरलं होतं. प्रगतीच्या तोंडून एकदा नाव निसटलं, तर बाई तिच्यावर खेकसल्या होत्या. नवस-सायास, अंगारे-धुपारे त्यांच्या घरातून वडिलांच्या काळातच गेले होते. पण बारशाआधी नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

तर त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. छपराखालचा लांबलचक बाजार संपला आणि बाई एका अरुंद बोळात शिरल्या. बोळाच्या शेवटी लाकडी फाटक. आत देऊळ. उदबत्तीचा, ओल्या दगडाचा वास. आणि मोकळ्या जागेत, पायऱ्या-पायऱ्यांवर, दगडाच्या छोट्या छोट्या मूर्ती. शेकड्यांनी. गोल डोकी, मिटलेले डोळे, ओठांवर जरासं हसू. प्रत्येकाच्या गळ्यात लाल लाळेरं, डोक्यावर विणलेली टोपी. समोर खाऊ, दुधाच्या बाटल्या, खुळखुळे, रंगीत भिरभिरी.

बाईंचे डोळेच भरून आले. इतके लहान बुद्ध त्यांनी कधी पाहिले नव्हते. कोणीतरी किती मायेनं टोप्या घातल्यात! त्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. कित्येक दिवसांनी त्या मोठ्यानं बोलल्या होत्या आणि कोणीतरी ऐकतंय असं त्यांना वाटलं. मग तिथल्या बाकावर बसून लेकराला बाटली पाजली. लेकरू मांडीवरच झोपलं. बाईंनाही जरा डुलकी लागली असावी. जाग्या झाल्या तेव्हा उजेड उतरला होता आणि देवळात चिटपाखरू नव्हतं.

आता बाईंच्या आईची एक शिकवण होती. परक्या जागी लेकरू निजलं तर निघताना त्याला हाक मारायची, 'अमके, चल घरी.' नाहीतर लेकरू अंगानं घरी येतं आणि जीव मागे राहतो. अंधश्रद्धा म्हणा, पण आईच्या सवयी बुद्धीला विचारून अंगात शिरत नाहीत. बाईंनी लेकराला गाडीत ठेवलं आणि हाक मारली. नाव तर घ्यायचं नव्हतं.

"चल बाळा… घरी चल. इथी नको राहू."

सगळी भिरभिरी थांबली. आत्तापर्यंत ती फिरत होती हे बाईंना थांबल्यावर कळलं.

परतताना गाडी जड लागत होती. चाकात काही अडकलं असेल म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, पण काही नव्हतं. बाजारात एक म्हातारे गृहस्थ बाजूला झाले, लेकराकडे पाहून मान लववली, आणि मग गाडीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून पुन्हा लववली. दुकानातल्या मुलीनं डायपरसोबत कागदाची चांदणी दिली. एक लेकराच्या हातात. दुसरी हातात धरून ती जराशी खाली वाकली, गोंधळली, आणि मुकाट्यानं काउंटरमागे गेली. चांगले लोक आहेत, असं बाई मनाशी म्हणाल्या. पण त्यांनी पावलं भराभर उचलली.

प्रगती घरी आली तेव्हा लेकरू जागं होतं आणि रडत नव्हतं. छताच्या कोपऱ्याकडे टक लावून पाहत होतं. बाईंनी कौतुकानं देवळात काढलेला फोटो फोनमध्ये दाखवला. "पाह्य वं, कसे गोजिरवाणे बुद्ध!"

प्रगतीनं फोटो पाहिला आणि फोन खाली ठेवला.

"आई, हे बुद्ध नाई. हे जिझो. मेलेल्या लेकरायसाठी मांडतात. पोटातच गेलेली… नाव पडायच्या आधीच गेलेली. त्यायच्या आया टोप्या घालून जातात."

बाईंनी झटकन लेकराला उचलून घेतलं.

"काऊन, आई? तू तिथी काय केलं?"

"काई नाई… निघताना हाक मारली. आपली मारतो तशी."

"नाव घेऊन?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. प्रगती हसली, पण हसू पुरतं उमटलं नाही. "जाऊ दे. मास्तरीण हायेस तू. असं कुठी असते का?"

असं कुठे नसतं, हे बाई तिसरी-चौथीच्या पोरांना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. पण दुसऱ्या दिवसापासून लेकरानं बाटली अर्ध्यावर सोडायला सुरुवात केली. आजीला पाहून हुंकार द्यायचं, 'आऽगूऽ' करायचं, ते थांबत चाललं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. बाईंना मात्र मांडीवर घेतलं की दोन वजनं जाणवत. एक ऊबदार, ओळखीचं. दुसरं थंड, गुडघ्याला बिलगलेलं. दुपारी घर शांत झालं की लेकराच्या श्वासामागोमाग आणखी एक श्वास येई, जरा उशिरानं, नुकतंच शिकल्यासारखा. आणि खोलीत ओल्या दगडाचा वास.

बाईंना भीती वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. ज्या नातीसाठी सात समुद्र ओलांडले, तिच्याच दुधात आपण वाटेकरी आणून ठेवला! आणि खरं सांगायचं तर त्या थंड ओझ्याचीही त्यांना कीव येत होती. बिचाऱ्याला आजवर 'चल घरी' म्हणणारं कोणी भेटलं नसेल. पण कीव करून नात गमवायची नव्हती.

एके दिवशी पावसाची भुरभुर होती तरी बाई सकाळीच निघाल्या. गाडी ढकलताना दम लागत होता. देवळात शिरल्या, मूर्तींसमोर उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलतात तशा ठणठणीत आवाजात बोलल्या. आवाज शेवटी फाटलाच.

"माह्यं चुकलं रे बाबू… ज्याची जागा इथी हाये, त्यानं इथीच राहा. माह्यी पोर मले देऊन दे."

मग त्यांनी आत्याची वाट पाहिली नाही. गाडीवर वाकून लेकराच्या कानाशी तोंड नेलं आणि 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं. कानात सांगून भागेना म्हणून उभ्या राहून मोठ्यानं हाक मारली.

"उत्पला… चल बाई घरी. आपल्या घरी चल."

घर म्हणताना डोळ्यांपुढे दहावा मजला आलाच नाही. आलं ते भीमपूरचं घर. पुढची ओसरी, भिवाजींची खुर्ची, मागच्या खोलीत बांधायचा दोरीचा पाळणा.

भिरभिरी गरगर फिरू लागली. परतताना गाडी इतकी हलकी झाली होती की एका बोटानं ढकलावी. बाई बाजारभर रडत आणि हसत चालल्या होत्या, आणि त्या एका दिवशी ओसाकाच्या लोकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

घरी आल्यावर लेकरानं बाटली एका दमात संपवली. तो वासही गेला. प्रगतीनं आईला मिठी मारली. पुढे तिथे राहायच्या परवान्याची मुदत संपली आणि बाई भीमपूरला परतल्या. विमानात त्यांना गाढ झोप लागली. मांडी ऊबदार होती म्हणून असेल.

थंडीत बाकीच्यांचं येणं झालं नाही. सुटी मिळाली नाही. बारसं फोनवरच उरकलं, दीक्षानं फोनमध्येच 'कुर्रर्र' केलं. पोरगी अंगानं भरली, बसू लागली, उभी राहू लागली. जेवायची, झोपायची, त्रास म्हणून नाही. पण हसायची नाही. आणि नावाला वळायची नाही. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, डोक्याचाही फोटो काढला. सगळं ठीक. हळूहळू प्रगतीचे फोन छोटे होऊ लागले, आणि बाईंना लेकीच्या आवाजातलं रडू न दाखवताही दिसू लागलं.

वर्ष होऊन गेल्यावरची गोष्ट. रविवारची दुपार होती. गाव रानात वेचणीला गेलेलं, गल्लीत ऊन आणि एखादी शेळी. बाई ओसरीवर बसल्या होत्या आणि प्रगतीचा व्हिडिओ फोन आला. तिच्या मांडीवर उत्पला, सरळ बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

"आई, तू एकदा हाक मारून पाह्य ना. तू गेल्यापासून कोणाच्याच आवाजाले ओ देत नाई ही. तुह्या आवाजाले तरी…"

नातीचं नाव बाई फोनवर घेतच नसत. देवळातल्या त्या हाकेनंतर घेववत नसे. आज लेकीचा चेहरा पाहून त्यांनी घसा खाकरला.

"उत्पला… ओ उत्पला."

फोनमधलं लेकरू हललं नाही.

"आऽगूऽ…"

मागच्या खोलीतून. बाईंच्या स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीतून.

दोन महिन्यांच्या लेकराचा हुंकार होता तो. तितकाच कोवळा. बाईंना तो ओळखायला वेळ लागला नाही. ओसाकातल्या त्या मुक्या दिवसांत त्यांच्याशी बोलणारं तेवढंच तर होतं. त्या वळल्या. दार उघडं होतं, खोलीत अंधूक उजेड होता, आणि तिथे काही नव्हतं. मग पुन्हा आवाज आला. या वेळी जरा चिरका. भूक लागली की करायची, तसा.

"पोरी… तिले… मी तिले इथीच बोलावलं…"

"आई! आई, पाह्य!" प्रगती किंचाळलीच. पण आनंदानं.

बाईंनी फोनकडे पाहिलं. मांडीवरच्या पोरीनं डोळे पूर्ण उघडले होते. ती बाईंकडे पाहत नव्हती. बाईंच्या खांद्यावरून, मागच्या दाराकडे पाहत होती. आणि हसत होती.

"हसली वं, आई! पह्यल्यांदा हसली! अमरदीप, इकडं या लवकर…" प्रगती रडत होती, पोरीचे मुके घेत होती. मागच्या खोलीतलं रडणं आता वाढत चाललं होतं.

"आई, थांबली काऊन? मार ना… आणखीन एकदा हाक मार."