अकरा सेकंदांचा कॉम्प्युटर

"कॉम्प्युटर आहे का हो?" जिन्यात समोरून आलेल्या माणसाने विचारलं.

"होता," मी म्हणाले.

लिफ्ट बंद आणि माझ्या हातात दुरुस्तीला निघालेला तो अवजड डबा. त्याने पुढे काही न विचारता खालची बाजू धरली. खांद्याला हत्यारांची पिशवी, बोटांना काळी शाई. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांचं झेरॉक्स मशीन दुरुस्त करायला आला होता. डोळे तर असे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते. तेव्हा मी घाईत होते.

घाई साधीसुधी नव्हती. पाच वाजेपर्यंत मला एका कंपनीला एक मिनिटाचं कार्टून पाठवायचं होतं. चित्रं तयार होती, ती फक्त कॉम्प्युटरवर जोडायची होती. पसंत पडलं तर घरबसल्या काम. नाहीतर पुढच्या सोमवारपासून दादाच्या शहरात, दादाच्या ऑफिसात, दादाच्या नजरेखाली फोन उचलत बसायचं. "कॉम्प्युटर स्वतः जोडू नकोस, तयार घे," असं दादाने बजावलं होतं. म्हणूनच मी मोठ्या तोऱ्यात एकेक भाग आणून तो स्वतः जोडला. आणि आता तो सुरू व्हायचा, पंखा फिरायचा, पडद्यावर अक्षरं उमटायची – की पटकन बंद!

"किती वेळाने बंद होतो?"

"अकरा सेकंदांनी. मोजलेत मी."

"दर वेळी अकरा?"

"नाही... मग नऊ. मग सात."

"म्हणजे तापतोय. तुमच्यासारखाच."

"मी कुठे तापलेय?"

"मघाशी नव्हतात... आत्ता तापलात."

वकीलकाकांनी टेबल रिकामं करून दिलं. त्याने चार स्क्रू काढले, आतला थंड ठेवणारा पंखा उचलून उलटा केला. मग त्याचे खांदे हलायला लागले. पंख्याखालच्या धातूच्या पट्टीवर पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं – 'बसवण्याआधी काढा'. आणि त्याच्यावर मी उष्णता वाहून नेणारी पेस्ट मन लावून फासली होती.

"वाचलं नाहीत?"

"वाचलं हो! पण... आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत."

खोटं नव्हतं. फ्रिजचं दार, टीव्हीचा रिमोट, वजनाचा काटासुद्धा आमच्याकडे प्लास्टिकमध्येच नांदतो. नवेपणा टिकतो, असं आईचं म्हणणं. माझा हात तिथे धजलाच नाही.

तो जमिनीवर बसून हसला. खरं तर मला राग यायला हवा होता. पण त्या हसण्यात टोमणा नव्हता, आणि हसताना त्याचे डोळे – हां, आता सांगते – पार मिटून जायचे. मी तिथेच गारद झाले.

प्लास्टिक निघालं, सगळं पुसून झालं, उरलेली पेस्ट लागली. बटण दाबलं आणि आम्ही दोघं मोठ्याने मोजायला लागलो. दहा... अकरा... बारा... वीस झाले तेव्हा आमचे आवाज हळू झाले होते, का कुणास ठाऊक. पाचला दहा मिनिटं असताना कार्टून गेलं.

निकाल आठ दिवसांनी होता. तिसऱ्या दिवशी वकीलकाकांच्या मशीनमध्ये कागद अडकला. सहाव्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा तो वर आमच्या दारात डोकावून गेला – "कॉम्प्युटर तापत नाही ना?"

आठव्या दिवशी मशीन तिसऱ्यांदा अडलं आणि तो वर आला तेव्हा हातात चुरगळलेला कागद होता. त्यावर माझ्याच कार्टूनमधलं अर्धवट बदक!

"मशीनच्या पोटात सापडलं," तो म्हणाला. "हा जाड कागद वकील वापरत नाहीत."

माझे कान लाल झाले. आता थाप तरी काय मारायची? "झेरॉक्स काढायच्या निमित्ताने मीच कागद कोंबत होते," मी म्हणाले. "तिन्ही वेळा. तुम्ही यावं म्हणून."

तो हसला नाही. "मला पहिल्याच वेळी कळलं होतं. म्हणून तर मी दुरुस्ती अर्धवट सोडत होतो..." मग दाराच्या कडीशी चाळा करत त्याने विचारलं, "वकील सांगत होते... सोमवारी भावाकडे जाणार तुम्ही?"

"नाही. सकाळीच कळलं, काम मिळालं. मी इथेच आहे."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला, की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मग वकिलांचं मशीन आज पूर्ण नीट करून टाकतो."

"आणि मग... येणार कशासाठी?"

"तुमच्यासाठी. चालेल?"

आतून आईचा आवाज आला, "कोण आहे गं? तो मशीनवाला का?"

"हो आई," मी त्याच्याकडे बघतच ओरडले. "पण आज मशीनसाठी नाही आला. माझ्यासाठी आलाय!"