धुक्यातून आलेली ओ

त्या वर्षी डोंगरावरची शर्यत जोडीने पळायची ठरली. जोडीतलं एक जण मागे राहिलं की दोघंही बाद. माझी जोडीदार माझी धाकटी बहीण, नोहोरा. दुपारी गाईंचं दूध काढून झालं, की गुळाचं गरम पाणी पिऊन आम्ही सरावाला निघायचो. बटाट्याची शेतं संपतात तिथून वर फ्राइलेहोनची झाडं सुरू होतात. माणसाएवढी उंच, लोकरी पानांची. आमच्या बोयाका प्रांतात धुकं उतरलं की ती झाडंच आहेत, असं स्वतःला बजावावं लागतं.

"एडिल्माताई, पाय उचल जरा!" नोहोरा मागून ओरडायची. "आपली लंगडी गाय पुढे जाईल तुझ्या."

"मग तिच्याशीच लाव जोडी!"

धुक्यात चुकामूक होऊ नये म्हणून आमचा एक नेम होता. पुढे मी. मी विचारायचं, "आहेस?" तिने ओ द्यायची, "आहे."

शर्यत आठवड्यावर आली होती. डोंगरातल्या तळ्याच्या वरच्या चढावर होतो तोवर लख्ख ऊन होतं. बघता बघता धुकं आलं. वारा पडला. ओल्या मेंढीसारखा वास सुटला. माझ्या बुटांखालचा चिखल तेवढा वाजत होता.

"आहेस?"

"आहे."

थोडी पुढे गेले.

"आहेस?"

"आहे..."

मी थबकले. ओ पुढून आली होती. वाट एवढी अरुंद, की मला घासल्याशिवाय नोहोरा पुढे जाणार कुठून?

"नोहोरा, थट्टा पुरे. कुठे आहेस?"

"आहे..." पुढून. "आहे..." उजवीकडून. दोन्ही आवाज तिचेच. आणि मग खालून, तळ्याच्या बाजूने, आणखी एक आवाज आला.

"ये... इकडे ये..."

तो माझा होता. मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

नोहोराला तोच ऐकू येत असणार. मी हाक मारली असती तरी कुठली खरी, हे तिला कळलं नसतं. मी ओठ घट्ट मिटले आणि उतारावरून घसरत सुटले. ओली पानं तोंडावरून फिरत होती, कुणीतरी चाचपून बघावं तशी.

नोहोरा कमरेएवढ्या पाण्यात होती. सावकाश आत चालली होती.

मी पाण्यात उडी टाकली. गारठ्याने छाती आवळली. तिची वेणी हाताला लागली, ती धरून ओढलं.

"ओढतेस काय?" ती शांतपणे म्हणाली. "तूच तर बोलावलंस."

तिचं मनगट पकडलं ते अंगणात पोचेपर्यंत सोडलं नाही.

तिला ताप भरला. मी म्हटलं, जाऊ दे ती शर्यत. ती ऐकेना. "आत्ता नाही गेले, तर मी जन्मात त्या वाटेवर पाय ठेवणार नाही, ताई. मग गुरं कोण नेणार वर?"

शेवटी दोघींच्या कमरेला एकच दोर बांधून पळालो. आकाश निरभ्र होतं. सबंध वाट आम्ही एक शब्द उच्चारला नाही. शेवटून दुसऱ्या आलो, तरी आई रडत रडत टाळ्या वाजवत होती. वाटलं, संपलं.

संध्याकाळी आईबरोबर बटाटे सोलताना नोहोराने हळूच विचारलं, "ताई, त्या दिवशी आपल्याबरोबर खाली आली ती कोण गं?"

"कोण आली?"

"तुझ्या पलीकडून चालत होती ती."

"ताप होता तुला, बाळ. कुणी नव्हतं."

"असं काय करतेस? मी आधी घरात शिरले. तू दार धरून उभी राहिलीस की, तिच्यासाठी..."

मी सुरी खाली ठेवली. दार धरून उभी होते, हे मला पक्कं आठवतं. नोहोरा मागून येत होती म्हणून धरलं होतं. तिचा ओला खांदा मला घासून आत गेला, तेही आठवतं.

मी आईकडे बघितलं.

"तू दारात होतीस तेव्हा," आई म्हणाली, "नोहोरा चुलीपुढे बसून शेकत होती."